वाळलेलं घोसाळं

घंटागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी वाजलं, की मला तो गॅलरीतला रिकामा खिळा आठवतो. लग्न होऊन मी काळेवाडीत नवीनच आले होते. एका सकाळी घर आवरताना त्या खिळ्याला टांगलेलं, वाळून तपकिरी पडलेलं घोसाळं मी काढलं आणि भाजीच्या देठांबरोबर खाली नेलं. गाडीवरची बाई खेकसली, "ताई, हे वाळकं हाय, सुक्यात टाका!" मी मुकाट्यानं ते निळ्या डब्यात टाकलं. पडताना आत काहीतरी खुळखुळलं, पण त्या कर्कश गाण्यात लक्ष कोण देतंय! वर आले तर सासूबाई खिळ्यापाशी उभ्या होत्या. "बी व्हतं त्यात," एवढंच म्हणाल्या. चाकणजवळचं त्यांचं रान कंपनीत गेलं होतं. त्याच्या बांधावरचं ते शेवटचं बी. मी अनवाणीच धावले, पण कोपऱ्यावरून गाडी केव्हाच वळली होती. मी रिकाम्या हातांनी परतले. सासूबाई म्हणाल्या, "आसू दे. लावणार तरी कुठं व्हते?" आता त्या नाहीत. रंगाच्या एका रिकाम्या बादलीत मी माती भरून ठेवली आहे. तिच्यात लावायला माझ्याकडे काही नाही.