हार्प तिसरा, मुक्काम मानपाडा

आपल्याकडे जग ‘चालून जाईल’ या दोन शब्दांवर चालतं, आणि या दोन शब्दांशी जन्मभर उभा दावा मांडलेला एकच माणूस माझ्या माहितीत आहे. तो म्हणजे माझा आतेभाऊ. मी त्याला दादा म्हणतो. डोंबिवलीला मानपाड्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो तपासनीस होता. म्हणजे दुसऱ्यांनी केलेला माल मोजायचा आणि केसभर फरक निघाला तरी परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, परत पाठवणं सुटलं नाही. माझ्या लग्नात मुहूर्त तोंडावर आलेला असताना मांडवाचा एक खांब ओळंब्यात नसल्याचं त्याने जाहीर केलं आणि मांडववाल्याला शिडीवर चढवलं. भटजी घड्याळाकडे बघत होते, दादा खांबाकडे. “पुढे संसार वाकडा झाला तर झाला, सुरुवात तरी सरळ होऊ दे,” म्हणाला. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पोळीचा आकार चुकला की ती पोळी स्वयंपाकघरातच खाऊन टाकतात. ताटात वाढली तर तिच्यावर अभिप्राय येतो.

तरुणपणी हा माणूस पेटी वाजवायचा, आणि सुरेख वाजवायचा. मग कारखान्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची करंगळी गेली. बरा होऊन तो भजनाला गेला तेव्हा मंडळातल्या लोकांनी मोठ्या प्रेमाने सांगितलं, “एक बोट कमी असलं म्हणून काय झालं, चालून जातंय.” ते ऐकलं आणि दादाने पेटीवर कापड टाकलं ते कायमचं. पुढे कित्येक वर्षं घरात गाण्याबजावण्याचा विषय निघाला, की तो उठून नळाची तोटी गळत नाही ना ते बघायला जायचा.

निवृत्तीनंतर एकदा कॉम्प्युटरवर त्याला एक परदेशी बाई हार्प वाजवताना दिसली. आपण असतो तर सूर ऐकले असते. दादाने बोटं तपासली. मग आणखी चार-पाच वादकांची तपासली आणि मला फोन केला. “अरे, या वाद्यात करंगळीला कामच नाही. दोन्ही हातांची चार-चारच बोटं. धडधाकट माणसंसुद्धा करंगळी नुसती हवेत धरून बसतात.” त्याच्या आवाजात असा काही ओलावा मी पूर्वी ऐकला नव्हता, म्हणून ‘हार्प म्हणजे काय’ हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

हार्प म्हणजे आपलं स्वरमंडळ उभं करून त्याला बाकदार मान लावावी तसं काहीतरी. विकत घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून दादाने नकाशे मिळवून तो घरीच करायला घेतला. पहिला हार्प तारा ताणल्याबरोबर धनुष्यासारखा वाकला. दुसऱ्यासाठी जुनं, मुरलेलं सागवान हवं होतं. ते घरातच होतं, पलंगाच्या रूपात, आणि पलंग वहिनींच्या माहेरचा होता. त्यावर दोघांत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी गेलो तेव्हा गाद्या जमिनीवर होत्या आणि वहिनी शांतपणे म्हणाल्या, “इतकी वर्षं माहेरावर झोपले, आता माहेर ऐकतेय.” सोसायटीचा वॉचमन मात्र अजूनही त्या हार्पला गणपतीचं मखर समजतो.

दादा आपला आपणच शिकला. दोन-तीन वर्षांनी त्याला कळलं की स्कॉटलंडमधल्या एक बाई निरनिराळ्या देशांतल्या हार्पवाल्यांकडून एकच रचना वाजवून घेणार आहेत. प्रत्येकाने आपापल्या घरी कानात ठेका लावून आपला भाग वाजवायचा, व्हिडिओ पाठवायचा, आणि बाई सगळे जोडून एक वाद्यवृंद उभा करणार. दादाने नाव घातलं. त्याच्या वाट्याला ‘तिसरा हार्प’ हा भाग आला: खालचे सूर, तेही अधूनमधून. “बराच वेळ गप्प बसायचं आणि नेमक्या क्षणी बोलायचं,” तो म्हणाला. “नोकरीत वेगळं काय केलं?”

वाजवणं बसलं होतं. प्रश्न शांततेचा होता. दादाचं घरही मानपाड्यालाच, आणि तिथे शांतता ही बाहेरून मागवायची वस्तू आहे. एक रेकॉर्डिंग टँकरने खाल्लं, एक खालच्या मजल्यावरच्या मिक्सरने, आणि सर्वांत चांगलं भंगारवाल्याने. शेवटी त्याला माझं घर आठवलं. ठाण्यात घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर आवाज कुठून येणार, हा त्याचा हिशेब. गोधडीत गुंडाळलेला हार्प टेम्पोत घालून, स्वतः मागे त्याला धरून बसून तो निघाला. रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. उन्हाने तारा उतरल्या. घरी पोचल्यावर त्या पुन्हा सुरात आणण्यात दुपार गेली. मग कळलं की एकोणिसाव्या मजल्यावर वारा शीळ घालतो. आम्ही खिडकीला गाद्या लावल्या. तरी एकदा बेल वाजली आणि एकदा मी शिंकलो. शेवटी एक रेकॉर्डिंग बिनआवाजाचं झालं आणि ते आम्ही पाठवून दिलं.

बाईंचं उत्तर गोड होतं. वादन छान आहे, एका ठिकाणी सूर किंचित उशिरा पडलाय, पण काळजी नको, कॉम्प्युटरवर तो आम्ही जरा पुढे सरकवून घेऊ.

“सरकवून घेतील म्हणे,” दादा फोनवर म्हणाला. “मी काय कपाट आहे?”

“अरे दादा, कोणाला कळणारे? चालून—” मी जीभ चावली.

मग तो हळूच म्हणाला, “एकदा तसं ऐकून मी वाद्य सोडलं रे. आता परत सोडायचं नाहीये.” त्याने बाईंना कळवलं की माझा सूर सरकवू नका, मीच वेळेवर येतो.

मुदत शनिवारची होती. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याचा मेसेज आला, आणि अख्ख्या बिल्डिंगने कपाळाला हात लावला तेव्हा दादाचा चेहरा उजळला. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. वीज नाही म्हणजे पंप नाही, मिक्सर नाही, टीव्ही नाही. लॅपटॉप आणि मोबाइल आदल्या दिवशीच पूर्ण चार्ज करून ठेवले. मीही गेलेलो. वहिनी खुर्ची घेऊन जिन्यात बसल्या आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला ओठांवर बोट ठेवून परत पाठवू लागल्या. कुरियरवाल्याला त्यांनी खालच्या पायरीवरूनच पिटाळलं. आत पंखा बंद, खिडक्या बंद. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि घाम भुवईवरून ओघळत होता. तो पुसायला हात मोकळा नव्हता. मी श्वाससुद्धा मोजून घेत होतो. तो अवघड सूर आला, आणि मला संगीतातलं काही कळत नसताना एवढं नक्की कळलं, की तो जिथे पडायला हवा तिथेच पडला.

महिन्याभराने व्हिडिओ आला. टीव्हीच्या पडद्यावर लहान लहान चौकटी, प्रत्येकीत एक माणूस, एक हार्प. दादा खालच्या रांगेत कडेला, घामेजलेला, करारी. वहिनींनी विचारलं, “यात तुमचा आवाज कुठला?”

“वेगळा येत नाहीये ना? म्हणजे बरोबर लागलाय.”

शेवटी सगळ्या चौकटींतले लोक कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि हात हलवू लागले. दादाने व्हिडिओ पुन्हा लावला, मग पुन्हा. वरच्या रांगेतली एक म्हातारी वाजवता वाजवता डावीकडे बघते, तिथे तिची खिडकी असावी, असं त्याने मला दाखवलं. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं. “एवढ्या लोकांबरोबर वाजवलं,” तो म्हणाला, “पण शेजारी कोणी नव्हतं रे.”

हल्ली रविवारी तो मला बोलावतो. घोडबंदरहून मानपाड्याला पोचेपर्यंत जीव जातो, पण मी जातो. मी विचारलं होतं, येऊन मी करू काय. मला तर टाळसुद्धा धड धरता येत नाही. “काही करू नको,” तो म्हणाला, “नुसता बस.” म्हणून मी बसतो. वहिनी भाजी निवडायला ताट घेऊन बाहेर येतात. खाली टँकर येतो, भंगारवाला ओरडून जातो, आणि दादा वाजवत राहतो.