ड्रमवरची खूण

"चित्रं रंगवायची तर माहेरी जा, बाई. ही कंपनी आहे."

धाटावच्या आमच्या केमिकलच्या कारखान्यातल्या सेफ्टीच्या साहेबाने माझा तक्ता दोन बोटांत उचलून सगळ्यांना दाखवला. हॉल हसला. आमच्या बायकाही हसल्या.

माझं माहेर हमरापूरचं. तिथं मी गणपतीचे डोळे आखायचे. आखून झाले की बाबा मला दारापर्यंत पिटाळायचे. दारातून नजर भेटली तर काम झालं. नाहीतर पुसून पुन्हा. माणूस काही मूर्तीच्या नाकाला नाक लावून बसत नाही.

साहेबाचं ट्रेनिंग नेमकं उलटं. लाइट बंद. पडद्यावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. साहेब आमच्याकडे पाठ करून ती वाचायचा. ड्रम धुणाऱ्या आम्ही कंत्राटी बायका शेवटच्या रांगेत. मग रजिस्टर फिरायचं. 'समजले' असं छापलेलं, त्यापुढे सही. चार वर्षं मीही केली.

मग माझ्याच शिफ्टच्या रंजनाने एका ड्रममध्ये पाणी ओतलं. त्या मालाला पाणी चालत नव्हतं. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीत रजिस्टर उघडलं. तिची सही होती. चूक तिची ठरली.

म्हणून पुढच्या ट्रेनिंगला मी तक्ता करून नेला, आणि दाखवा म्हणून साहेबाच्या हातात दिला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एक ड्रम. त्यावरची धोक्याची खूण तळहाताएवढी. शेजारी पाण्याची बादली, बादलीवर लाल फुली. अक्षर एकही नाही.

हसून झाल्यावर त्याने तो टेबलावर टाकला. मी उचलला. लाइट लावला. तक्ता छातीशी धरून उभी राहिले.

"मागं दिसतंय का गो?"

"फुली दिसते. डबा कसला तो?" मागून एकीने विचारलं.

"बादली हाय ती. चष्मा लाव," तिच्या शेजारची म्हणाली.

"मग काय करायचं नाय?" मी विचारलं.

"पाणी ओतायचं नाय," तीन-चार जणी एकदम म्हणाल्या.

आता कुणी हसत नव्हतं. साहेबाने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"झालं असेल तर सही करा."

"तुमचं पडद्यावरचं मला समजलं नाय. सही नाय."

"मग उद्यापासून येऊ नका."

"तसं लिहून द्या."

त्याने दिलं नाही. त्या दिवशी आमच्या रांगेतल्या अकरा जणींनी सही केली नाही.

भाकरी थापताना रंजनाची बोटं अजून आखडतात. तिच्या सहीने तिलाच गुन्हेगार केलं. माझ्या सहीने मला कुणी गुन्हेगार करणार नाही. जे मला दिसलं नाही, ते मला सांगितलं असं मी कोणत्याही कागदावर मान्य करणार नाही. कामावरून काढायचं तर काढा.