रडारसमोर टांगलेला गोळा

सटाण्याजवळच्या टेकडीवरचं आमचं हवामान रडार गारांनाही साधा पाऊस समजत होतं. मार्चमध्ये एका दुपारी त्याने हलक्या सरी दाखवल्या आणि खालच्या डाळिंबाच्या बागा गारांनी झोडपून काढल्या. इशारा कुणालाच गेला नव्हता.

रडारचं माप तपासायला नाशिकहून मला आणि ड्रोन उडवणाऱ्या सहकारी बाईंना पाठवलं. काम सांगायला सोपं होतं. ड्रोनखाली नायलॉनच्या दोरीने धातूचा गोळा टांगायचा आणि रडारसमोर स्थिर धरायचा. अशा गोळ्यावरून किती लहरी परत यायला हव्यात ते गणिताने ठाऊक असतं. रडार जितकं कमी दाखवेल तितकी त्याची चूक.

पण वारा थांबेना. गोळा झुलायचा, पडद्यावरचे आकडे नाचायचे. पुन्हा गारपिटीचा अंदाज आला होता, आणि मी सारखी आभाळाकडे बघत होते. शेवटी दोरी तुटली नि गोळा खालच्या बागेत पडला.

तिथली मालकीण फुटलेली डाळिंबं टोपलीत भरत होती. मी गोळ्याबद्दल विचारलं. तिने बांधाकडे बोट दाखवलं, मग म्हणाली, "गारा पडन्यात तवय तुमनं यंत्र झोपेल व्हतं का?"

"झोपलं नव्हतं, मावशी. त्याला कमी दिसत होतं."

"मंग आते?"

मी बांधाजवळ जाऊन गोळा उचलला. त्याला पोचा पडला होता; आकार बिघडला की गणित जुळत नाही, म्हणजे तो निकामी. आता आमच्याकडे एकच उरला.

दुसऱ्या सकाळी वारा जरा पडला. "आत्ता जमलं तर जमलं," सहकारी बाई म्हणाल्या. गोळा कसाबसा स्थिरावला. रडार फारच कमी दाखवत होतं. ती चूक आम्ही लगेच दुरुस्त केली.

दुपारी ढग आले आणि रडारचा पडदा लालभडक झाला, म्हणजे गारा. इशारा गेला, तरी मी टेकडी उतरून धावत बागेत गेले. "मावशी, गारा येतायत! आत चला!"

तिने शेळ्या आत ओढल्या. आम्ही पडवीत पोचतो तोच पत्रे वाजू लागले. समोर झाडांवर उरलीसुरली फळं गळत होती.

"सांगं ते बरं करं," वाचलेल्या शेळ्यांवर हात फिरवत ती म्हणाली. "पन झाडं कोठे लई जाऊ?" शेळ्यांसारखी ती आत नेता येत नव्हती.

तेवढ्यात सहकारी बाईंचा फोन आला. रडार अगदी बरोबर दाखवतंय, म्हणाल्या. आवाजात आनंद मावत नव्हता. मी नुसतं "हो" म्हटलं आणि फोन ठेवला.