आप्पांचा आवाज

ती पुण्याची लेखिकाबाई आठवली की आजही माझं डोकं फिरतं. किशोरवयीन मुलांसाठी कादंबरी लिहायची, त्यात वंचित मुलीचं खरंखुरं जग दाखवायचं, म्हणून गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या आमच्या खोलीत दोन दिवस ठाण मांडून बसली. मी तेव्हा नववीत होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सगळी उमर कापडाच्या लूमवर. कारखान्यात एवढा खडखडाट की शेजारच्या माणसाशीसुद्धा हातवारे करूनच बोलायचं. कान कामातून गेलेले, त्यामुळे घरीही बोलणं मोठ्यानंच. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हेच. पण आप्पा नुसतं 'चहा ठेव' म्हणाले तरी बाई दचकायच्या आणि वहीत काहीतरी खरडायच्या. आप्पा चिडून ओरडतात असा त्यांचा गैरसमज झालाय हे मला दिसत होतं. पण त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत 'बिचारी' म्हणत होत्या आणि मला ते गोड लागत होतं. मी गप्प बसले. मला मेलीला तोंड नव्हतं का? होतं की.

पुस्तक शाळेत आलं. त्यातली मुलगी एकदाही हसत नाही. मी तर वर्गात खिदळते म्हणून रोज बाहेर उभी असायचे! शेवटी कुणी दयाळू मॅडम येऊन तिला बापाच्या तावडीतून सोडवतात. पहिल्याच पानावर माझ्या नावानिशी आभार. मग काय, शाळेनं आप्पांना बोलावून समज दिली, मुलीवर हात उगारू नका.

घरी येऊन आप्पांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि वाच म्हणाले. हळू वाचलेलं त्यांना ऐकू येईना. मग मी ओरडून ओरडून वाचलं, बापाचा पट्टा, शिव्या, कोपऱ्यात थरथरणारी पोर, सगळं. गल्लीतल्या बाया दारात गोळा झाल्या.

"मी तुले कधी मारं का वं, माय?" आप्पांनी विचारलं.

मी रडत मान हलवली. नाही, कधीच नाही.

बाईंना फोन केला तर म्हणे, अगं, कादंबरी आहे ती, आणि असे बाप असतातच ना. असतील. माझा नव्हता.

तेव्हापासून आप्पा घरात हळू बोलतात. स्वतःचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, म्हणून आवाज निघाला की नाही ते माझ्या तोंडाकडे बघून ताडतात. परवा जेवताना त्यांचे ओठ हलले. मला काही कळलं नाही, मी पाणी दिलं. त्यांना भाकरी हवी होती. ते पाणी पिऊन ताटावरून उठले.