विहिरीतली सरळ रेघ

भाजीच्या जुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत मला तिचा फोटो सापडला. समुद्राची खाडी पोहून गेलेली आपल्याकडची पहिली बाई. थंडी लागू नये म्हणून अंगाला चरबी चोपडलेली, आणि कुणाची परवानगी घेतल्याचं चेहऱ्यावर काही चिन्ह नाही. खाली लिहिलं होतं की पहिल्या खेपेला तिला अर्ध्यातूनच होडीत ओढून घ्यावं लागलं होतं. तो तुकडा मी विज्ञानाच्या वहीत ठेवला. तेव्हा मी आठवीत होते.

भातकुलीजवळच्या आमच्या मळ्यात विहीर होती. उन्हाळ्यात बाबा माझ्या चुलतभावांच्या पाठीला तेलाचा रिकामा, तोंड बंद केलेला डबा बांधायचे, कमरेला दोर, आणि द्यायचे ढकलून. चार दिवसांत पोरगा तयार. मी मागे लागले तर म्हणाले, पोरीला पोहून कुठं जायचंय? मला भयंकर राग आला. कुठं जायचंय हे त्या पोरांना कुणी विचारलं होतं?

बाबा भाजी घेऊन अमरावतीला गेले की दुपारी मी डबा बांधायची. दोराचं दुसरं टोक आईच्या हातात. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. महिन्याभरात डबा सुटला, मग दोरही.

शाळेतून जिल्ह्याच्या पोहण्याच्या निवडीचा अर्ज आणला तेव्हा बाबांनी घर डोक्यावर घेतलं. कोणी शिकवलं म्हणून विचारलं. माझी मीच शिकले, मी म्हटलं. आईचं नाव काढलं नाही. शेवटी त्यांनी सही केली, पण अट घातली: निवड झाली नाही तर पुन्हा पाण्यात पाय टाकायचा नाही.

अमरावतीच्या तलावात शिट्टी झाली आणि मी जीव तोडून हात मारले. पण आमची विहीर गोल, तिथं मी काठाकाठानं गोलच पोहायची. माझं अंग आपोआप डावीकडे वळत गेलं आणि मी शेजारच्या मुलीवर जाऊन आदळले. काठावरची माणसं पोट धरून हसली. मला बाद केलं. परतताना बसमध्ये बाबा एवढंच म्हणाले, "झालं तुह्यं?"

झालं नव्हतं. वहीतल्या बाईलाही पहिल्यांदा होडीत ओढलंच होतं की. दुसऱ्या दिवशी त्यांच्यादेखत मी विहिरीत उडी घेतली. डबा नाही, दोर नाही. समोरच्या भिंतीतल्या एका काळ्या दगडावर नजर ठेवली आणि निघाले. पंधरा हात जायचं, पंधरा हात यायचं. अंग वळलं की स्वतःला शिवी हासडून सरळ करायची. अट विसरली का म्हणून बाबा वरून ओरडत होते. शेवटी त्यांनी दोर खाली सोडला.

"धर अन् वर ये."

मी धरला नाही. हातातलं धुणं टाकून आई काठावर आली आणि तिनं दोर त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आतापावतर दोर म्याच धरला होता," ती म्हणाली. "पुढंबी मीच धरीन. तुमी भाजी भरा."

आई दोर गुंडाळत काठावर बसली. मी काळ्या दगडाकडे निघाले, आणि त्या खेपेला जराही वळले नाही.