सरकारांचं कुलूप

आमच्या स्वयंपाकघराला कुलूप होतं. पितळी, तळहातात मावेल एवढं, आणि त्याची किल्ली आईच्या गळ्यात दोऱ्याला. हे ऐकलं की लोक माझ्या आईला कैदाशीण समजतात आणि माझं डोकं फिरतं. म्हणून नीट सांगते.

माझा धाकटा भाऊ जन्मला तो अगदी लुळा. मान धरेना, धड रडेना, दूधही ओढेना. आई ड्रॉपरनं थेंब थेंब पाजायची आणि म्हणायची, "बाबा रे, एकदा तरी भूक लागू दे तुला." तिसऱ्या वर्षी ती लागली आणि मग थांबलीच नाही. साखर, कच्चं पीठ, मांजरासाठी ठेवलेलं दूध, काही म्हणजे काही सुटेना. तपासण्यांवर तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं, प्रेडर-विली सिंड्रोम. जन्माआधीच जनुकांत झालेली गडबड. पोट भरतं, पण भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. शिकणं सावकाश होईल, हट्ट दांडगा असेल आणि खाणं आवरलं नाही तर जिवावर बेतेल. आईनं घरी येऊन डोळे पुसले आणि बाबांना कुलूप आणायला पाठवलं.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी कुलपाबरोबर एक मोठं घड्याळही आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर टांगलं. भावाला अक्षरं ओळखायला वर्षं लागली, घड्याळ मात्र चटकन कळलं. जेवण जरा लांबलं की तो घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून बाबांनी त्याचं नाव ठेवलं 'सरकार'.

"जेवण कधी?" सरकार विचारायचे.

"लहान काटा आठवर आला की," आई शिवणयंत्रावरून मान न उचलता सांगायची. पाच मिनिटांनी तोच प्रश्न, तेच उत्तर. शंभरदा विचारलं तरी तिचा आवाज चढत नसे. तिच्या जागी मी असते तर ते घड्याळच खिडकीबाहेर भिरकावलं असतं.

वेळ जावा म्हणून तो चित्राचे तुकडे जुळवायचा. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळे तुकडे पालथे घालून, चित्र न बघता, नुसत्या कडांवरून जुळवायचा. बाबा डोळ्याचं भिंग काढून शेजारी बसायचे, हरायचे आणि म्हणायचे, "सरकार, आम्ही शरण." यंत्राची घरघर, बाबांचं हसणं, मग आई उठायची आणि कुलूप खटकन उघडायचं. अजूनही संध्याकाळी तो आवाज कानात येतो आणि मी जागच्या जागी थांबते. आम्ही सुखी होतो. कुणाला पटो न पटो, होतो.

काकू एकदा म्हणाली, "पोटच्या पोराला कोंडतेस, जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

"पोराला नाही, अन्नाला कोंडते," आई म्हणाली आणि बॉबिन भरत राहिली.

आधी बाबा गेले, गेल्या वर्षी आई. चाळिशी ओलांडलेल्या सरकारांना मी माझ्या घरी आणलं. आईचं घर आवरताना ते कुलूप मी किल्लीसकट भंगारात टाकलं. म्हटलं, पुरे झालं आता. बहिणीच्या घरात त्यानं मोकळं राहावं.

मोकळं कसलं! सरकारांनी तुकड्यांना हात लावणं सोडलं. दिवसभर स्वयंपाकघराच्या उघड्या दारासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि हाताची पाठ रक्त येईस्तोवर खाजवायचे. मी आंघोळीला गेले की अख्खा पाव गायब. मी ओरडायचे, तो रडायचा. डॉक्टरांनी वजनाचा काटा बघून सांगितलं, असंच चाललं तर त्याला संस्थेत ठेवावं लागेल. नवराही हळूच तेच म्हणाला. माझा जीव टांगणीला लागला. आईला मी शब्द दिला होता, त्याला कुठे पाठवणार नाही.

एका सकाळी त्यानं तुकड्यांचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला. मला वाटलं, चला, खेळावंसं वाटलं एकदाचं. त्यानं तुकड्यांत हात घातला आणि तळातून आईचं कुलूप काढलं. किल्ली, दोरा, सगळं. भंगारातून कधी उचललं होतं कोण जाणे.

"लाव," तो म्हणाला.

"अरे, तू काय चोर आहेस?"

"उघडं असलं की डोक्यात तेच असतं. सारखं तेच." त्यानं कपाळावर हात दाबला. "दमलो गं ताई. आई लावायची तेव्हा बरं वाटायचं."

त्यानं दोरा माझ्या गळ्यात घातला. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मी दार ओढलं आणि कुलूप लावलं. सरकारांनी एकदा ओढून बघितलं, खुर्ची भिंतीकडे सारली आणि जमिनीवर बसून तुकडे पालथे घालायला घेतले.

"जेवण कधी?"

"लहान काटा एकवर आला की," मी म्हणाले.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. माझा आवाज चढला नाही.