प्रबुद्धच्या निवडक दहा चाली

रहिमतपुरात प्रबुद्धचं घर विचारायला आडनाव लागत नव्हतं. कॅसिओवाला म्हटलं की शेंबडं पोरही बोट धरून नेऊन सोडायचं. नव्वदच्या आसपास आमच्याकडं वरातीत बँड नाहीतर हलगी असायची. प्रबुद्धनं मुंबईहून जुना कॅसिओ कीबोर्ड आणला, हातगाड्यावर चार कर्णे बांधले आणि जनरेटरसाठी मला गाठलं. मी आकाराम, मंडपवाला. "जनरेटर तुझा, आवाज माझा, गड्या," म्हणाला. म्हणजे नाव त्याचं आणि धूर माझ्या नाकात! अशी आमची भागीदारी सुरू झाली.

त्याच्या चालींना शब्द नव्हते आणि नावंही नव्हती. जी पहिल्यांदा जिथं वाजली ती त्या गावची: कोरेगावची, औंधची, पुसेसावळीची. पोरं गाड्यापुढं येऊन "औंधची लाव!" म्हणून ओरडायची आणि नुसत्या यंत्राच्या सुरावर धुरळा उडवायची.

आता कीबोर्डात ठेका तयारच असतो. बाकीचे वाजवणारे बटण दाबून ठेका लावून देत आणि मोकळे होत. प्रबुद्धचं तसं नव्हतं. ठेक्याची गती कमीजास्त करायचं एक बटण असतं, त्यावर त्याचा डावा अंगठा कायम असायचा. नजर खाली, नाचणाऱ्याच्या पायांवर. पाय उधळले की ठेका पळायचा, पाय रेंगाळले की ठेकाही रेंगाळायचा. लोकांना वाटायचं आपण यंत्रावर नाचतोय. खरं तर यंत्रच त्यांच्या मागं धावत असायचं.

आणि ते शिकवलं त्याच्या धाकट्या बहिणीनं, मायानं. नवी चाल आधी तिच्या पायांत यायची. अंगणात ती काहीतरी उड्या मारायची, हा कीबोर्ड घेऊन पायरीवर बसायचा, आणि सांज होईतो चाल तयार. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ती गाड्याकडं तोंड करून, मागं मागं सरकत अख्खं गाव नाचत जायची. निळा फेटा, कपाळावर घाम. तिला बघून म्हातारी माणसंसुद्धा दोन पावलं टाकायची.

त्र्याण्णव साली तिला पलूसचं स्थळ आलं. मुलगा बुद्धभूषण, शाळेत मास्तर, शांत स्वभावाचा. सासू मुक्ताबाई मात्र करारी. पांढरं लुगडं, विहारात पहिल्या रांगेत. बघायला आल्यावर तिनं एकच विचारलं, "पोरगी रस्त्यावर नाचती का? माझ्या आयशीला गावानं वाजत-गाजत नाचवलं. ते सोडायला आमी धम्म घेतला. माझी सून नाचायची न्हाई." प्रबुद्धच्या आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "न्हाई बाई. ती मिरवणुकीत घराबाहीर सुदिक पडत न्हाई." मुलीचं लग्न जमवताना आई काय काय बोलते, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. लग्न झालं. माया नांदायला गेली.

तिच्यामागं प्रबुद्धला एकही नवी चाल सुचली नाही. हे गावाच्या लक्षात आलं नाही, कारण गावाला औंधचीच पाहिजे असायची. माझ्या आलं. अंगणात कीबोर्ड घेऊन बसायचा, रिकाम्या जमिनीकडं बघायचा आणि उठून आत जायचा.

सांगलीचे लालासाहेब कॅसेटी काढायचे. शहाण्णवच्या दिवाळीनंतर त्यांनी निरोप धाडला की तुमच्या गाजलेल्या दहा चाली एका कॅसेटवर घेऊ, वर तुमचा फोटो, नाव 'प्रबुद्धच्या निवडक दहा'. प्रबुद्ध हरखला. मला म्हणाला, "नवं काय येत न्हाई आता. जुनं तरी राहील गड्या. न्हाईतर मी मेल्यावर ह्यातलं काय ऱ्हाणार?" तिशीही न ओलांडलेला माणूस असं बोलला. मी त्याला दोन शिव्या हासडल्या.

सांगलीची ती खोली चारी बाजूंनी पोती ठोकून बंद केलेली. प्रबुद्धनं औंधची सुरू केली. सूर बरोबर, ठेका बरोबर, आणि सगळं मेलेलं. अंगठा नुसता बटणावर ठेवलेला. लालासाहेब काचेपलीकडून म्हणाले, "आवं, वाजतंय, पण नाचत न्हाई. असली कॅसेट कोण घील? पुढच्या आठवड्यात या, न्हाईतर राहू द्या."

परत येताना हा माणूस रहिमतपूरला आलाच नाही. मलाही ओढत पलूसला घेऊन गेला.

दारात "जयभीम" झालं, पाणी झालं, चहा झाला. मी डोळ्यांनी खुणावत होतो की मायाशी एकट्यानं बोल. पण प्रबुद्धला आडून बोलायची विद्या कधी आलीच नाही. सासू समोर, नवरा समोर, आणि हा सरळ म्हणाला, "माया, सांगलीला चल. तुझं पाय समोर असल्याबिगर मला वाजवता येत न्हाई. पयल्यासारखी नाच, बास."

मुक्ताबाईंनी कप खाली ठेवला. "पयल्यासारखी म्हंजे?"

माया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पोटुशी. तिनं भावाकडं पाहिलं, मग सासूकडं. "मी कवाच नाचले न्हाई, आत्या. दादाला कामाच्या नादात कायबी सुचतंय."

प्रबुद्धची दोन्हीकडून कोंडी. खरं बोलावं तर तिच्या संसारावर निखारा, गप्प बसावं तर जन्मभराचं वाजवणं खोटं. त्यानं पायांत चपला सरकवल्या आणि निघाला. गाडीत सबंध वाट खिडकीबाहेर बघत होता आणि मी त्याच्यावर चरफडत होतो.

मग पुढच्या आठवड्यात काय झालं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. त्या पोत्यांच्या खोलीत मी नाचलो. माझं वजन, माझं पोट, अनवाणी पाय. लालासाहेब हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. पण प्रबुद्ध माझ्या पायांकडं बघत वाजवू लागला, अंगठा हलू लागला, आणि दहाच्या दहा चाली झाल्या. ठेका जरा जड आला, इतकंच. कॅसेट अशी खपली की सातारा-सांगलीच्या रिक्षा-टेम्पोंत दुसरं काही ऐकू येईना.

त्या कॅसेटमुळंच पुढच्या जयंतीला पलूसची सुपारी आली. मी म्हणालो, नको घेऊस. तो म्हणाला, "वाटंत तिचं घर हाय." मी म्हणालो, म्हणूनच नको घेऊस. त्यानं घेतली.

मिरवणूक रंगात आली होती. औंधची चालू, दोनशे पोरं हवेत. मायाचं घर आलं. ती उंबऱ्यावर उभी, कुशीत तान्ही लेक अक्षता, शेजारी मुक्ताबाई मिरवणुकीतल्या फोटोपुढं हात जोडून. एवढ्यात ठेका मंदावला. मला वाटलं जनरेटर मरतोय. वाकून पाहिलं तर जनरेटर ठणठणीत. मग वर पाहिलं. प्रबुद्ध तिच्या पायांकडं बघत होता. पाय जागचे हलत नव्हते आणि त्याचा अंगठा बटण दाबत दाबत ठेका खाली, आणखी खाली आणत होता. शेवटी ठेका बंद पडला. वर गेलेले हात तसेच राहिले.

"वाजीव की रं!" कुणीतरी ओरडलं. मग लोक त्याच्याकडं बघू लागले, आणि तो जिकडं बघत होता तिकडं. मुक्ताबाईंनीही मान वळवून सुनेच्या पायांकडं पाहिलं.

मायानं लेक सासूच्या हातात दिली आणि गर्दीतून गाड्यापाशी आली. मी टेकून उभा होतो म्हणून मला ऐकू आलं.

"दादा, कॅसेट ऐकली मी. ह्यांनीच आणली. माझ्याबिगर वाजलं की रं तुला. मग माझ्या दारात कशाला थांबतोस? मला हितं नांदायचं हाय."

ती परत गेली. प्रबुद्धनं बटण दाबून ठेका लावला, अंगठा उचलला आणि डावा हात मांडीवर ठेवला. यंत्र आपलं आपण धडधडू लागलं. पोरं नाचू लागली. गाडा पुढं गेला.

त्यानंतर त्याचा अंगठा त्या बटणावर मी पाहिला नाही. सुपाऱ्या वाढल्या, कर्णे चाराचे आठ झाले. माणसं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, "प्रबुद्धराव, अगदी कॅसेटसारखं वाजवता की!" तो हसून मान डोलावतो. मला तेव्हा जनरेटर बंद करून टाकावासा वाटतो.